टाकलेला खडा

५ फेब्रुवारी, गुरुवार
सकाळपासून वाढदिवसाचा एकच फ्लेक्स चार वेळा बदलला. शेजारचा फोटो लहान झाला म्हणून एकदा, मोठा झाला म्हणून एकदा. मग नावातला ‘साहेब’ राहिला. वीस वर्षं हातानं पाट्या रंगवल्या तेव्हा कुणी असं मानेवर बसत नव्हतं. ब्रश हातात असला की माणूस जरा लांब उभा राहतो, कपड्यावर रंग उडेल म्हणून. माउसला कोण भितंय.

दुपारी बाजाराचं लेटर आलं. बाजार हे झेरॉक्सवाल्या सलीमनं ठेवलेलं नाव, कंपनीच्या त्या कॉम्प्युटरमधल्या दुनियेचं, जिथं माणसं बाहुली होऊन हिंडतात. फुकटचे प्लॉट बंद. ज्यांना राहायचंय त्यांनी संस्थेमार्फत खातं काढावं, नव्या अटींवर सही करावी. नाहीतर एक एप्रिलला जागा साफ करण्यात येईल. साफ! तिथं आमचं रान आहे, आमराई आहे, त्रेसष्ट खड्यांचा ढीग आहे. दोन वर्षांचं काम.

येडाईची यात्रा दोन एप्रिलला. मुहूर्त बघूनच काढलाय जणू.

६ फेब्रुवारी
सुनंदाला सांगितलं. ती अंगणवाडीला निघाली होती. चप्पल घालता घालता म्हणाली, मग दुसरीकडं हलवा की, माणसं बिऱ्हाड हलवत न्हाईत का. तिचं असंच. तिच्या टापटिपीत कसलीच अडचण बसत नाही.

पण ढीग उभा राहिला तो तिच्यामुळंच. दरसाल पालखी आमराईकडं निघाली की लोक रानातला चुन्याचा खडा वेचून एका जागी टाकतात, आणि त्या चुन्यानं येडाईचं देऊळ रंगतं. लहानपणापासून बघतोय, पण पेंटर असून माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं की देवळाचा रंगसुद्धा इथं सगळ्यांनी मिळून वेचलेला असतो. डोक्यात आल्यावर मात्र सुचलं, की गावच्या पोरी पुण्यात नांदतात, पोरं दुबईत, त्यांनाही तिथून खडा टाकता यावा. बाजारात रान मी केलं. बाया सु. नं गोळा केल्या. प्रत्येकीनं आपापल्या अंगणातला खडा पाटावर ठेवला, फोन त्याच्याभोवती प्रदक्षिणा घातल्यागत फिरवला, एक वाक्य बोलली. कॉम्प्युटरात हुबेहूब तोच खडा, हात लावला की तोच आवाज.

सगळ्यात पहिला सोनाआत्याचा.

८ फेब्रु., रविवार
येडशीला गेलो. सलीमच्या दुकानात झेरॉक्स मशीनखाली एक जुना कॉम्प्युटर आहे, त्यात त्याची स्वतःची दुनिया चालते. तिचं नाव वावर. सॉफ्टवेअर फुकट, आतलं सगळं उघडं, कुणीही बघा, कुणीही दुरुस्त करा, जगभरच्या लोकांनी मिळून केलेलं. सलीम त्याबद्दल बोलायला लागला की गिऱ्हाईक ताटकळत उभं राहतं.

लेटर दाखवलं. त्याला आनंद झाला, लपवला, पण झाला.

“दत्ताभाई, बाजारातला गाळा भाड्याचाच असतोय. मालक कधीबी म्हणतो, उठा. वावर आपलं असतंय.”

मी म्हटलं, आपलं वावर तुझ्या झेरॉक्सखाली आहे आणि त्यात तीन माणसं येतात. तू, मी आणि तो ब्राझीलचा म्हातारा, जो येऊन झाडं लावून जातो. फोनवर ते उघडत नाही. माझ्या बाया काय कॉम्प्युटर घेऊन यात्रेला जाणार आहेत? एवढ्यात लाइट गेली. इन्व्हर्टरनं कुईकुई केलं आणि वावर बंद पडलं. सलीम म्हणाला, हे काय रोजचं न्हाय. रोजचंच आहे.

तरी बुधवारी हलवायचं ठरलं. दुसरं आहे काय हातात.

११ फेब्रु.
लिहायची इच्छा नाही. पण लिहितो.

बाजारातून सगळं उतरवून घेतलं आणि वावरात चढवलं. रान आलं. आमराई आली, पानन् पान. टेकडी, देऊळ, पायऱ्या आल्या. मी दोन महिने घासलेलं संध्याकाळचं आभाळ आलं. ढीग नाही. जिथं ढीग, तिथं सपाट माती आणि माझा एकटा खडा. सलीमला वाटलं अजून लोड होतंय. आम्ही चहा पिऊन आलो, माती तशीच.

मग त्यानं नियम वाचून दाखवला. ज्यानं वस्तू घडवली, त्यानंच ती बाहेर न्यायची. रान माझं, म्हणून आलं. खडे, माझा एक सोडून, माझे नाहीत. प्रत्येक बाईनं आपल्या नंबरावर आपलं खातं काढलं, खडा आपल्या नावावर घडवला. खड्यावर बोट ठेवलं की दिसतं: घडवणार, पारू. घडवणार, मंगल. घडवणार, सोना.

हे मीच करायला लावलं होतं! सलीम तेव्हा कोकलून सांगत होता की सगळे खडे एकाच खात्यातून कर, पुढं सोपं जाईल. मी त्याला रुबाबात ऐकवलं होतं, खडा ज्याचा त्यानं वेचायचा असतो, दुसऱ्यानं वेचलेला चालत नाही. आज त्यानं ते उकरून काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

१४ फेब्रु.
पुण्याच्या मॅडमचा फोन. मागच्या वर्षी फोनवर आमचं रान बघून ज्यांनी कौतुकाचा मेसेज केला होता त्याच. त्यांची कलासंस्था आहे. त्या म्हणाल्या, आमच्या संस्थेचं खातं आहे, तुमचं काम आम्ही आमच्या छताखाली घेऊ, बाजारातच राहील, ढीग हलवायचा प्रश्नच नाही, उलट एप्रिलमध्ये प्रदर्शन लावू. फक्त एक फॉर्म.

बोलणं गोड, माणूस चांगलं. फोन ठेवल्यावर हलकं वाटलं. सु. म्हणाली, बघा, देवीला काळजी. सलीमला कळवलं नाही.

१७ फेब्रु.
शिवजयंती परवावर. फ्लेक्स, फ्लेक्स, फ्लेक्स. मान मोडली.

२० फेब्रु.
फॉर्म आला. सहा पानं, इंग्रजी. डिक्शनरी घेऊन बसलो. चौथ्या पानावर एक चौकोन आहे, त्यात बरोबरची खूण करायची: या जागेवरील सर्व वस्तू माझ्या एकट्याच्या निर्मितीच्या असून त्यांचे सर्व हक्क माझ्याकडे आहेत, ते मी संस्थेस व कंपनीस वापरावयास देत आहे.

मॅडमना फोन केला, की हे खरं नाही. त्या म्हणाल्या, अहो तसा फॉरमॅट असतो, शेवटी संकल्पना तुमचीच ना, बायकांनी सहभाग घेतला. सहभाग. पारूकाकूला सांगून बघा की तिनं सहभाग घेतला.

म्हणजे बाजारात राहायचं तर सगळे खडे माझे म्हणायचे, आणि वावरात जायचं तर माझं तेवढंच न्यायचं. दोन्हीकडून मीच मालक. आणि मी तर खडा एकच टाकलाय.

२२ फेब्रु., रविवार
अंगणवाडीच्या खोलीत बायांना बोलावलं. तीसेक आल्या. सलीम लॅपटॉप घेऊन आला. मी नीट समजावलं: प्रत्येकीनं आपलं खातं उघडायचं, ढिगातला आपला खडा उचलायचा, तो सलीमभाई नव्या जागी नेईल, तिथं परत टाकायचा. दोन मिनिटांचं काम. काही पोरी फोन काढायलाही लागल्या.

पारूकाकू पुढं बसल्या होत्या. भजनी मंडळाच्या त्या, वय पंचाहत्तर, आवाज अजून टेकडीवरून खाली ऐकू येतो. त्यांनी विचारलं, उचलायचा म्हंजे? मी म्हटलं, काकू, ढिगातनं काढून घ्यायचा.

“दत्ता, टाकलेला खडा कुणी उचलतंय का रं? आईच्या फुडं टाकला, तिचा झाला. त्यो आता माझा ऱ्हायला न्हाय. कुठल्या तोंडानं परत घिऊ?”

मी म्हटलं, काकू, तो खरा खडा नाही, कॉम्प्युटरातला आहे. हे बोललो आणि लगेच जीभ चावली. कारण दोन वर्षांपूर्वी याच खोलीत, याच बायांना, मी अर्धा तास सांगत होतो की हा खडा खराच समजा.

काकू उठल्या. मागोमाग निम्म्या उठल्या. ज्या फोन काढत होत्या त्यांनी फोन कनवटीला लावले. सु. दारात उभी होती, ती कुणाला थांबा म्हणाली नाही. घरी येताना तिला विचारलं, तू कुणाकडून. ती म्हणाली, मी पारूकाकूकडून, पर तुमचं वाईट वाटतंय.

२५ फेब्रु.
सलीमशी भांडण. कडाक्याचं.

तो म्हणाला, सगळ्यांचे फोटो आहेत, आवाज आहेत, मी चार दिवसांत त्रेसष्ट खडे तुझ्या खात्यातून बनवतो, खाली नावं रंगव, तू पेंटरच आहेस. कुणाला फरक कळणार न्हाय. मी म्हटलं, मला कळेल. हाताची पाटी आणि फ्लेक्स यातला फरकही कुणाला कळला नाही, म्हणूनच मी आज वाढदिवस छापत बसलोय. सोनाआत्याच्या खड्यावर ‘घडवणार, दत्ता’ लिहून येणार? त्यापेक्षा गेलेला बरा.

मग त्यानं फॉर्मचं काढलं. त्याला कुठून तरी कळलं होतं.

“तुला लोक पायजेत का आपली जागा पायजे, येक ठरव. दोन्ही दगडांवर पाय ठिवतो आणि बोंब माझ्या नावानं मारतो.”

मी म्हटलं, तुझं वावर फुकट आहे कारण तिथं कुणी येतच नाही. हे बोलायला नको होतं. त्यानं त्यात सहा वर्षं घातलीत.

३ मार्च
होळी. पोळी खाल्ली. सलीम दरवर्षी येतो. यंदा नाही आला.

६ मार्च
सु. नं घरोघर फिरून यादी केली. तिचं अक्षर सुंदर, बातमी वाईट. सतरा जणी खडा उचलायला तयार, त्यातल्या बहुतेक पुण्यात राहणाऱ्या. पंचवीस सरळ नाही. बाकीच्यांचे पासवर्ड हरवले, फोन बदलले, नंबर गेले. दोघींच्या सुनांनी सांगितलं, आमच्या सासूबाईचं खातंच कुठं हाय.

शेवटी एकच नाव वेगळं लिहिलंय. सोनाआत्या.

आत्या माझ्या वडिलांची मोठी बहीण. नवऱ्याच्या मागं आमच्याकडंच होती. शेळ्या राखायची. दिवाळीनंतर गेली, फार दिवस झाले नाहीत. तिचा नंबर आम्ही कुणी रिचार्ज केला नाही. कोण करतं? गेलेल्या माणसाचा फोन चालू ठेवायचा असतो हे कुणाच्या लक्षात येतं? तिच्या खात्याचा पासवर्ड तिला तरी कुठं माहीत होता. दर वेळी नंबरावर सहा आकडे यायचे आणि ती मला वाचून दाखवायची, एकेक आकडा, शाळेत उजळणी म्हणावी तसा.

१२ मार्च
आत्याचा नंबर लावून बघितला. वाजला.

भूमच्या कुणी शालनबाईंनी उचलला. नंबर त्यांना नवा मिळालाय. त्या वैतागलेल्या होत्या, कारण रोज कुणी ना कुणी फोन करून ‘सोनाआत्या हाय का’ विचारतं. मी म्हटलं, ताई, त्या वारल्या. तिथंच थांबायला पाहिजे होतं. पण मी शहाणा, लगेच म्हटलं, ताई, तुमच्या फोनवर सहा आकडे येतील, तेवढे सांगाल का.

“आकडे मागणारे लई बघितले. मेलेल्या मान्साच्या नावावर लुटता का?”

फोन कट. त्यांची काय चूक. मीही तेच केलं असतं.

१५ मार्च, रविवार
बाजारात जाऊन आलो. माझी बाहुली आमराईतून ढिगाकडं चालत गेली. कंपनीनं आता फुकटच्या प्लॉटांवर जाहिराती टाकल्यात. मी दोन महिने घासलेल्या आभाळात, देवळाच्या कळसाच्या वर, एक बोर्ड तरंगतोय. बुटांचा. फ्लेक्स माझा पाठलाग करत इथपर्यंत आला. हसू पण आलं, रडू पण आलं.

आत्याचा खडा सगळ्यात खाली, डावीकडं. हात लावला.

“आई येडाबाई, ह्यो माझा खडा. जड न्हाय, पर माझ्या हातचा हाय.”

मागं शेळीचं ओरडणं आहे. सलीम ते काढून टाकणार होता, मी काढू दिलं नाही. आवाज माझ्या फोनमध्येही आहे, तो कुठं जात नाही. पण फोनमध्ये तो नुसता आवाज आहे. ढिगात ती आहे, पारूकाकूच्या खाली, मंगलच्या शेजारी.

फॉर्म उघडला. चौथं पान. चौकोनावर बाण नेला, परत आणला.

१९ मार्च
गुढीपाडवा. गुढी सु. नं उभारली. मॅडमचा मेसेज: शुभेच्छा, आणि फॉर्मचं काय झालं?

२४ मार्च
सलीम आला. आपणहून, एसटीनं. दारात उभा राहून म्हणाला, पुरणपोळी तर चुकली, चहा तरी द्या वहिनी. सु. नं दोघांना समोरासमोर बसवलं आणि आत निघून गेली.

महिनाभरात त्यानं वावर फोनवर चालतं केलंय. रात्रंदिवस नाही, सगळ्या फोनवर नाही, पण चालतं. माझं ते एक वाक्य त्याला लागलं होतं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तो म्हणाला, ऐक आधी.

“दरसालचा ढीग नवाच असतोय, दत्ताभाई. आमचे अब्बा चुना मारायच्या कामावर होते. मागच्या सालचा खडा कुणी जपून ठिवत नव्हतं, भाजायचं, इझवायचं, भिताडाला लावायचं. तू यकटाच हायस ढीग सांभाळत बसलेला.”

खरं आहे. राग आला कारण खरं आहे. यंदा यात्रेच्या दिवशी वावरात रिकामं रान ठेवायचं, ज्याला टाकायचा त्यानं नवा खडा टाकायचा. ज्याचा त्यानं, आणि कुणाला काही उचलायला नको. पारूकाकूसुद्धा नाही म्हणणार नाहीत.

नव्या ढिगात सगळे असतील. आत्या नसेल. हे मी बोललो नाही, पण सलीमनं ओळखलं. म्हणाला, ती एक गोष्ट मला जमत न्हाय.

२८ मार्च
शालनबाईंचा फोन आला! त्या दिवसाबद्दल वाईट वाटत होतं म्हणाल्या. ‘सोनाआत्या’ विचारणारे फोन अजून येतात, त्यातल्या एका म्हातारीला त्यांनी विचारलं, कोण होती ही बाई. म्हातारीनं अर्धा तास सांगितलं. आता त्यांना मला विचारायचं होतं, ते आकडे कशाला पाहिजेत.

सगळं सांगितलं. ढीग, कंपनी, वावर, खडा. त्यांना निम्मं कळलं असेल. मग बाजाराची लिंक पाठवली, त्यांच्या साध्या फोनवर लगेच उघडली. वावर उघडलं नसतं. बाजाराचं हे एक मानावं लागतं. शालनबाई रानात उतरल्या, ढिगापाशी गेल्या, आत्याच्या खड्याला हात लावला. मला फोनमधून आत्याचा आवाज ऐकू आला, तिच्याच नंबरावरून.

त्या म्हणाल्या, सांगते आकडे, तुमाला लागतील तवा फोन करा.

३० मार्च
पारूकाकूंच्या घरी गेलो. आत्याचा खडा उचलू का, विचारायला. त्या ज्वारी निवडत होत्या. म्हणाल्या, मला कशाला इचारतो, म्या का मालकीण हाय? मग थोड्या वेळानं, मान वर न करता: सोना आसती तर तिनंच तुला सांगितलं आसतं. ती न्हाय. आता त्यो खडा आईचा.

सु. ला विचारलं. ती म्हणाली, उचला, न्हाईतर जन्मभर माझं डोकं खाताल. मग म्हणाली, नका उचलू. मग भाकरी थापत राहिली.

मॅडमचे दोन मिस्ड कॉल. फॉर्म तसाच.

१ एप्रिल, बुधवार
कंपनी अमेरिकेतली, तिची रात्र बाराला संपते, म्हणजे आपले दुपारचे साडेबारा. दुकान बंद ठेवलंय. सलीम येडशीला कॉम्प्युटरजवळ बसलाय, इन्व्हर्टर भरलेला, वावर चालू. ज्या सतरा जणींनी होकार दिला होता त्यांनाही मी नको सांगितलं. ढीग अर्धा नेण्यात अर्थ नाही.

साडेअकराला मॅडमना कळवलं, सही करत नाही. त्यांना वाईट वाटलं. मलाही वाटलं, प्रदर्शन झालं असतं.

बारा वाजता आत्याचं खातं उघडायला टाकलं. बारा वाजून सहा मिनिटांनी शालनबाईंचा फोन. आकडे आत्ताच आले म्हणाल्या. सावकाश सांगितले, एकेक, मधे श्वास घेऊन. मी इथंच लिहून घेतले, समासात. आल्यापासून दहा मिनिटं चालतात.

पडद्यावर सहा रिकामे चौकोन आहेत. भरले की आत जाईन, तेव्हा बाहुलीच्या डोक्यावर नाव माझं नसेल, सोना असेल. सोनाच वाकून आपला खडा उचलेल. बघणाऱ्याला काही वावगं दिसणार नाही. बोट मात्र माझं.

पाच आकडे भरले, सहावा अजून समासातच. शालनबाईंनी फोन ठेवलेला नाही. म्हणाल्या, तुमचं हू द्या, म्या हाय. त्यांच्याकडंही मागं शेळी ओरडतेय.

बारा वाजून चौदा.